भयाला भांडवल पुरवू नका

दहशतवादी एकाला मारतो, ते हजारांना भिववण्यासाठी. जून २०२२ मध्ये अमरावतीत एका औषधविक्रेत्याचा खून झाला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने ते दहशतवादी कृत्य मानून आरोपपत्र दाखल केले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. समाजाने कसे बोलावे, हे मात्र आपणच ठरवावयाचे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातील घटनांवरून अमरावती पेटली आणि मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून अकोला. दोन्हीकडे संचारबंदी लागली. अशा वेळी हातावर पोट असणाऱ्याचीच चूल प्रथम विझते. गुन्ह्याला निर्भयपणे गुन्हा म्हणावे. परंतु गुन्हेगाराचे पाप साऱ्या मोहल्ल्याच्या माथी मारू नये. ऐकीव वार्ता पुढे धाडणारा मारेकऱ्याचे उरलेले काम फुकट पुरे करतो, हे वऱ्हाडकरांनी विसरू नये.