पळवणकर बाळू : गुण आणि कुळ

उत्तराध्ययन सूत्रातील हरिकेशी मुनींची कथा जैन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. चांडाळ कुळात जन्मलेले हे मुनी भिक्षेसाठी यज्ञमंडपाशी गेले, तेव्हा त्यांचा अवमान झाला. पुढे त्याच मंडळींनी त्यांच्या तपापुढे मस्तक नमविले. गुण श्रेष्ठ की कुळ, हाच प्रश्न गेल्या शतकाच्या आरंभी क्रिकेटच्या मैदानावरही उभा राहिला.

पळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यात पारशी क्रिकेटपटूंच्या मैदानाची झाडलोट करण्यासाठी त्यांना महिना तीन रुपये मिळत. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांवर खेळपट्टीवर रूळ फिरविणे, जाळी उभारणे ही कामे ते करू लागले. तेथे इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी विलक्षण धारदार झाली.

गोऱ्यांना हरवायचे तर बाळू हवेत, हे पुण्यातील हिंदू संघाने ओळखले व त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेल्या चेंडूला सर्वांचे हात लागत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. संघाला त्यांचे कौशल्य हवे होते, माणूस नको होता.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातून त्यांनी शंभरांहून अधिक बळी मिळविले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला, आणि त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

मैदानाने दार उघडले, तरी समाजाने उघडले असे नव्हे. त्यानंतर सात वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकमध्ये काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू करावा लागला, आणि तो काही वर्षे चालला. १९५५ साली बाळू निवर्तले.

त्यांच्या जीवनाचा बोध व्यापारी कुटुंबांना दूरचा नाही. हमालाच्या पाठीवर पेढीचा माल चढतो, दिवाणजीच्या हाती गल्ला निःशंकपणे सोपविला जातो. परंतु ज्याच्या श्रमावर आणि सचोटीवर व्यवहार उभा आहे, त्याच्यासाठी पाण्याचा पेला वेगळा ठेवला असेल, तर हरिकेशी मुनींची कथा केवळ कानांनी ऐकली, असेच म्हणावे लागेल. तो पेला इतर पेल्यांत मिसळण्यासाठी पर्युषणाची वाट पाहण्याचे कारण नाही.