प्रश्न आणि प्रश्नपत्रिका

मानवी अस्तित्वाविषयीचे मूलभूत प्रश्न विद्यार्थ्यांपुढे केव्हा आणि कसे मांडावेत, याविषयी आपल्या शिक्षणविचारात दोन मते प्रचलित आहेत. पहिले मत असे, की मृत्यू, दुःख, स्वातंत्र्य, जगण्याचे प्रयोजन हे प्रौढ वयाचे विषय आहेत; कोवळ्या मनाला त्यांचा भार सोसणार नाही. दुसरे मत असे, की परंपरेने या प्रश्नांची उत्तरे केव्हाच देऊन ठेवली आहेत. ती अभ्यासक्रमात घालून विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केली की कार्यभाग उरकला. ही मते परस्परविरोधी भासली तरी त्यांचा परिणाम एकच होतो. विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न पडू नये, याची तजवीज दोन्हीकडून सारखीच होते.

पहिल्या मताचे खंडन परंपरेनेच केले आहे. कठोपनिषदातील नचिकेता हा कुमार आहे. पित्याच्या दानातील उणीव त्याला दिसते, आणि पिता संतापला म्हणून तो गप्प बसत नाही. यमाने देऊ केलेली संपत्ती व दीर्घायुष्य तो नाकारतो, प्रश्न मात्र सोडत नाही. हे आख्यान प्राचीन म्हणून बाजूला ठेवावयाचे, तर १८९६ सालच्या मदुराईकडे पाहावे. तेथील मिशन शाळेत शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या वेंकटरमणाला मृत्यूच्या भयाने अकस्मात ग्रासले आणि त्या भयातूनच 'मी कोण' या शोधाला आरंभ झाला. पुढे जग त्याला रमण महर्षी म्हणून ओळखू लागले. प्रश्न वयाची परवानगी घेऊन येत नाही. तो आला असता शाळेजवळ त्याच्यासाठी काही आहे की नाही, एवढाच मुद्दा उरतो.

दुसरे मत अधिक प्रतिष्ठित आहे, म्हणून अधिक घातक आहे. त्याची परीक्षा करण्यास चेन्नईचा, म्हणजे तेव्हाच्या मद्रासचा, इतिहास उपयुक्त ठरतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकविणारे आल्फ्रेड जॉर्ज हॉग हे मिशनरी होते. कर्मसिद्धान्ताची कठोर चिकित्सा करणारी त्यांची लेखमाला कॉलेजच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि १९०९ साली तिचे पुस्तक झाले. त्यांच्या वर्गात सर्वपल्ली राधाकृष्णन् हा सामान्य परिस्थितीतील विद्यार्थी होता. एका नातलगाने वापरलेली तत्त्वज्ञानाची पुस्तके आयती मिळाली, म्हणून त्याने हा विषय घेतला होता. वेदान्तात नीतीला स्थान नाही, हा मिशनऱ्यांचा आक्षेप त्याच्या जिव्हारी लागला. १९०८ साली एम. ए.साठी त्याने प्रबंध लिहिला तो वेदान्ताच्या नीतिशास्त्रावर. आणि हॉग यांनी त्याची प्रशंसा केली.

या घटनेचा गौरव करताना एक गोष्ट विसरता कामा नये. ते कॉलेज तटस्थ नव्हते. धर्मप्रसार हा त्याच्या स्थापनेमागील हेतूच होता. तरीही विद्यार्थ्याला तेथे जे मिळाले, ते आज तटस्थतेचा डांगोरा पिटणाऱ्या संस्थांतही दुर्मिळ आहे. स्वतःचे मत असलेला शिक्षक मिळाला, त्या मताविरुद्ध लिहिण्याची मुभा मिळाली आणि विरुद्ध लिहिलेल्याची पारख करण्याची सचोटी मिळाली. वेदान्ताची महती वर्गात नुसती पाठ करून घेतली असती, तर तो प्रबंध लिहिण्याचे कारणच उरले नसते.

त्याच मद्रासच्या दक्षिणेस, अड्यार येथे, १९०९ सालीच एक निराळा प्रयोग सुरू झाला. शाळेत मंद ठरून छड्या खाणाऱ्या जिद्दू कृष्णमूर्ती या मुलाला थिऑसॉफिस्टांनी भावी जगद्गुरू म्हणून निवडले. उत्तर आधीच ठरले होते. मुलाने मोठे होऊन ते उच्चारावयाचे होते. १९२९ साली कृष्णमूर्तींनी त्यांच्यासाठी उभारलेला संघ स्वतःच विसर्जित केला. तयार उत्तरावर आधारलेल्या शिक्षणाची याहून पूर्ण फजिती क्वचितच झाली असेल. पुढे त्यांच्या प्रतिष्ठानाने शाळा काढल्या. चेन्नईतील 'द स्कूल' १९७३ साली सुरू झाली. भय, तुलना, स्पर्धा यांविषयी मुलांशी मोकळेपणाने बोलणे हे या शाळांचे वैशिष्ट्य आहे.

परंतु या मार्गावरही आक्षेप घेतला पाहिजे. परंपरेचा आणि ग्रंथांचा अधिकार नाकारण्याची शिकवण ज्यांनी ग्रंथ वाचलेलेच नाहीत त्यांच्या हाती पडली, तर प्रश्नाचे रूपांतर गप्पांत होते. शिवाय अशा शाळांची दारे फार थोड्यांना उघडी असतात, आणि मग अस्तित्वाचा प्रश्न हा सुस्थितांचा विलास आहे, असे म्हणण्यास इतरांना निमित्त मिळते. हे म्हणणे खोटे आहे, याला राधाकृष्णन् यांची जुनी पुस्तके साक्षी आहेत. प्रश्नाला स्वातंत्र्य हवे आणि शिस्तही हवी. पहिले नसेल तर घोकंपट्टी उरते, दुसरी नसेल तर बडबड.

मराठी साहित्याच्या वर्गाने या वादाकडे त्रयस्थपणे पाहण्याचे कारण नाही. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पांडुरंग सांगवीकरच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू आहे. मराठी कादंबरीत मृत्यूच्या अर्थशून्यतेला इतक्या उघडेपणाने क्वचितच कोणी सामोरे गेले असेल. आणि वर्गात काय होते? 'अस्तित्ववादाची वैशिष्ट्ये' पाच मुद्द्यांत उतरवून दिली जातात, सार्त्र आणि कामू यांची नावे जोडली जातात आणि परात्मता या शब्दाखाली रेघ ओढली जाते. समोर बसलेल्या मुलांपैकी एखाद्याच्या घरीही असे लेकरू गेलेले असू शकते. त्याच्या मनात त्या पानांनी काय उलथापालथ केली, हे विचारण्यास तासिकेत वेळ नसतो. ज्या कादंबरीचा नायक शिक्षणाच्या पोकळपणाला कंटाळला, तिचेच आपण गुणांचे कोष्टक केले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञानपरंपरेचे अभ्यासक्रम महाविद्यालयांत येऊ लागले आहेत. त्यांचे स्वागत करावयाचे ते एका अटीवर. या परंपरेत पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्ताला प्रतिष्ठा मिळत नसे. प्रतिपक्ष्याचे म्हणणे समर्थपणे मांडता येणे ही पंडिताची पहिली कसोटी होती. अभ्यासक्रमात सिद्धान्त तेवढे घेतले आणि पूर्वपक्ष गाळले, तर परंपरेच्या नावाने परंपरेचाच प्राण काढून घेतल्यासारखे होईल. चार्वाकाला खोडण्यापुरते दोन ओळींत बोलावणारा वर्ग वेदान्तही शिकवू शकत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शिक्षकाने आपले मत लपवू नये आणि लादूही नये. विद्यार्थ्याने ते खोडून काढले, तर त्या उत्तराला पूर्ण गुण देण्याची तयारी ठेवावी. मद्रासच्या एका मिशनरी प्राध्यापकाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे जमले, ते स्वतःच्या श्रद्धेविरुद्ध जाऊन. आपल्याला तेवढीही किंमत मोजावयाची नाही.