तुमचा हिस्सा तुम्हाला मिळाला का?

आमची खालाजाद बहीण अमेरिकेत न्यू जर्सीला राहते. रमजानच्या आधी तिचा फोन आला. म्हणाली, "आपा, शेजारच्या चर्चमध्ये इस्लाममधल्या स्त्रियांच्या हक्कांवर बोलायला बोलावलंय. जाऊ का?"

खरे सांगायचे तर आम्ही जरा बिचकलो. चर्च म्हटले की आपल्याकडे लगेच मनात येते, हे आपला धर्म बदलायला तर बघत नसतील? पण तिने सगळे समजावून सांगितले. तिकडच्या अनेक चर्चमध्ये रविवारी प्रार्थनेच्या आधी किंवा दोन प्रार्थनांच्या मधल्या वेळात मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. त्याला 'अ‍ॅडल्ट फोरम' म्हणतात. हॉलमध्ये खुर्च्या मांडतात, बाजूला कॉफीची किटली असते. पाऊण तास, फार तर तासभर बसायचे. कधी बायबलवर चर्चा, कधी एखाद्या पुस्तकावर, कधी डॉक्टर येऊन म्हातारपणाच्या आजारांवर बोलतात, कधी वकील मृत्युपत्र कसे करावे ते सांगतात. कधी ज्यू किंवा मुस्लिम शेजाऱ्याला बोलावून त्याच्याच तोंडून त्याचा धर्म ऐकतात. प्रवचन चालू असताना हात वर करून कोणी प्रश्न विचारत नाही. इथे मात्र प्रश्न विचारण्यासाठीच लोक येतात.

या प्रथेची मुळे जुनी आहेत. १७८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स यांनी आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. १७९८ मध्ये नॉटिंगहॅमला कारखान्यात काम करणाऱ्या तरुण बायकांसाठी असा वर्ग निघाला; मोठ्या माणसांच्या रविवार-शाळांची सुरुवात तिथून मानतात. अमेरिकेत १८७४ मध्ये शटॉक्वा सरोवराच्या काठी रविवार-शाळांच्या शिक्षकांसाठी शिबिर भरले आणि त्यातून प्रौढ शिक्षणाची मोठी चळवळ उभी राहिली. आपल्या पुण्यातही जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. दिवसभर राबणाऱ्यालाही शिकायचे असते, हे ज्याला कळले त्याने वेळ शोधून काढला.

सगळी चर्च सारखी नसतात, हेही सांगायला हवे. २०१० मध्ये फ्लोरिडातल्या एका छोट्या चर्चच्या पाद्र्याने कुरआन जाळण्याची घोषणा केली, ते जगभर गाजले. त्याच सुमारास टेनेसी राज्यात मेम्फिसजवळच्या हार्टसाँग चर्चने शेजारी येणाऱ्या इस्लामिक सेंटरच्या स्वागताची पाटी लावली. सेंटरची इमारत तयार नव्हती म्हणून रमजानची नमाज चर्चमध्ये पढायला जागा दिली. पहिली बातमी सगळ्यांना ठाऊक असते, दुसरी फार थोड्यांना. प्रेषितांनी (स.) नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला मदिनेच्या मशिदीत उतरवून घेतले होते, हे सीरतमध्ये आपण वाचतोच.

तर बहीण गेली. तयारी चांगली होती. सूरह निसाच्या आधारे मुलीचा, आईचा, पत्नीचा वारसा तिने समजावला. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला आपली मालमत्ता आपल्या नावावर ठेवण्याचा पुरता हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला, आमच्याकडे तो चौदाशे वर्षांपूर्वीच दिला गेला, असे तिने अभिमानाने सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रांगेतल्या एका आजीने हात वर केला आणि अगदी साधेपणाने विचारले, "आणि तुमचा हिस्सा तुम्हाला मिळाला का?"

त्यात टोमणा नव्हता. आजींना खरेच जाणून घ्यायचे होते. पण बहिणीच्या तोंडून शब्द फुटेना. चार वर्षांपूर्वी ती सुट्टीला आली असताना भावांनी तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले होते. हक्कसोडपत्रावर सही करून, आंब्याची पेटी घेऊन ती परतली होती. हिस्सा म्हणून एक गुंठाही घेतला नव्हता. तिने खरे तेच सांगितले. हॉलमध्ये शांतता पसरली. मग त्या आजींनी आपल्या माहेरच्या शेताची गोष्ट सांगितली. तीही फारशी वेगळी नव्हती.

रात्री फोनवर बहीण रडली. "आपा, घरातल्या कुणीच हे कधी विचारलं नाही. परक्या बाईनं विचारलं."

आम्ही तिची समजूत काढली आणि फोन ठेवला. पण झोप आली नाही. कारण आम्हीही सही केली आहे. वीस वर्षे शाळेत शिकवतो, मुलींना हक्क सांगतो, आणि अब्बांच्या पश्चात तलाठ्यासमोर आम्ही म्हणालो होतो, "मला काही नको, भाऊ आहेत ना." ते आम्ही खुशीने म्हणालो की लाजेने? मागितले तर माहेर तुटेल, ही भीती होतीच. खुशीने सोडलेला हक्क वेगळा आणि लाजेने सोडलेला वेगळा.

पुढच्या सुट्टीत आम्ही भाईजानशी बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू कधी मागितलंच नाहीस." आम्ही म्हणालो, "तुम्ही कधी विचारलंच नाही." त्या दिवशी एवढेच झाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून कागद बाहेर काढले. बोलणे अजून चालू आहे. माहेर तुटलेले नाही.

यानंतर आम्ही जमातीच्या मंडळींना विनंती केली, की महिन्यातून एका रविवारी जमातखान्यात मोठ्यांचा वर्ग भरवू या, बाया-पुरुष दोघांसाठी. एका बुजुर्गांनी विचारले, "चर्चची नक्कल कशाला?" आम्ही अदबीने सांगितले, की ही नक्कल नाही. मदिनेच्या स्त्रियांनी प्रेषितांकडे (स.) शिकण्यासाठी स्वतंत्र दिवस मागितला आणि त्यांनी तो दिला, हे बुखारी शरीफमध्ये आहे. उहुदच्या लढाईत शहीद झालेल्या सअद बिन रबीअ (रजि.) यांची पत्नी दोन मुलींना घेऊन आली आणि चुलत्याने सगळा माल घेतल्याची तक्रार तिने केली. मग वारशाची आयत उतरली आणि त्या मुलींना हिस्सा मिळाला. आपल्याकडे तर विचारणाऱ्या बाईला उत्तर मिळाले आहे. ते हसले आणि किल्ली दिली.

पहिल्या रविवारी चौदा बाया आणि सहा पुरुष आले. चहा झाला. आम्ही फळ्यावर एक एकर जमीन काढली, म्हणजे चाळीस गुंठे. मरणाऱ्याचे कफन-दफन, कर्ज आणि वसीयत भागवून एवढी उरली असे धरले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. पत्नीचा आठवा भाग, पाच गुंठे. उरलेल्या पस्तीसचे पाच वाटे: प्रत्येक मुलाला दोन म्हणजे चौदा गुंठे, मुलीला एक म्हणजे सात. एका भाभींनी पदराआडून हळूच विचारले, "बाई, हुंडा दिला म्हणजे ते सात गुंठे फिटले का?" पुरुषांच्या बाजूने एक जण उत्तरला, "नाही फिटत, भाभी. हुंडा हा वारसा नव्हे." तो जमातीतला सर्वांत तरुण मुलगा होता.

वाचक भगिनींनो, तुमच्या गावातही अशी एखादी खोली, एखादा फळा आणि चहाची किटली निघेल. मौलाना असतील तर उत्तम, एखादा वकील मिळाला तर आणखी उत्तम. एकच नियम ठेवा, विचारणाऱ्याला कोणी हसायचे नाही. आणि भावांनो, बहिणीने मागेपर्यंत थांबू नका. या ईदला ती आली की शिरखुर्म्याची वाटी तिच्या हातात द्या आणि तो प्रश्न तुम्हीच विचारा.

अल्लाह आपल्याला हक्क देण्याची आणि हक्क मागण्याची हिंमत देवो. आमीन.