मुदतीची कामे आणि बिनमुदतीची



स्वाध्याय सादर करण्याच्या अंतिम तारखेच्या आदल्या रात्री मनवेलपाड्यातील माझ्या घराची बेल हमखास वाजते. दारात आमच्याच परिसरातील कोणी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उभी असते. हाती कोरे कागद आणि चेहऱ्यावर अपराधी भाव. यांपैकी बहुतेक जण रोज पहाटे विरारहून लोकल पकडून नोकरीला जातात. काहींचा प्रवास थेट चर्चगेटपर्यंतचा, म्हणजे सुमारे ६० किलोमीटरांचा. ज्या माणसाची ठरलेली लोकल वर्षानुवर्षे चुकत नाही, त्याला आळशी कसे म्हणावे? तरीही कित्येक आठवडे हाती असलेले काम शेवटच्या रात्रीवर येतेच. म्हणून चालढकल म्हणजे आळस, हे आपल्याकडे सर्रास केले जाणारे निदान मला मान्य नाही.

भाषेचा अभ्यासक असल्यामुळे माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. या एका दोषासाठी मराठीने कुठकुठून शब्द गोळा केले आहेत पाहा. ‘दिरंगाई’ फारसीतून आलेली, ‘दीर्घसूत्री’ संस्कृतातला, ‘चालढकल’ आणि ‘टाळाटाळ’ घरच्याच. महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची कथा आहे. कोळी तळ्याचे पाणी काढून टाकू लागले तरी ‘इतक्यात घाई कशाला’ म्हणून जो थांबतो आणि प्राणास मुकतो, त्या माशाचे नावच दीर्घसूत्र. म्हणजे हा दोष लोकलच्या आणि मोबाईलच्या कितीतरी आधीचा आहे.

याहून उद्बोधक आहे तो ‘मुदत’ आणि ‘डेडलाईन’ या दोन शब्दांतील भेद. अमेरिकेतील यादवी युद्धात कैद्यांच्या छावणीत एक रेषा आखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर गोळी झाडली जाई. त्या रेषेचे नाव ‘डेडलाईन’. १८६४ च्या सुमाराचा हा शब्द पुढे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत शिरला आणि तेथून आपल्यापर्यंत आला. आपला ‘मुदत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेला असून त्याचा मूळ अर्थ कालावधी असा आहे. रेषेला रुंदी नसते. मुदतीला लांबी असते, तिच्या आत बसून काम करता येते. आपण तोंडाने ‘मुदत’ म्हणतो आणि मनात मात्र ती रेषाच असते.

‘दडपण आल्याशिवाय मला सुचतच नाही,’ असे तुमच्यापैकी अनेक जण सांगतात. ते अगदीच खोटे नाही. मराठी कादंबरीच्या इतिहासात याचा भक्कम पुरावा आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि सुमारे सत्तावीस वर्षे चालवले. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही त्यांची कादंबरी त्यातच क्रमशः आली. १८९३ मध्ये तिचे पुस्तक झाले. हरिभाऊ काही केवळ लेखनावर जगणारे गृहस्थ नव्हते. आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती, पुढे पुण्याच्या नगरपालिकेचे कामही आले. अंकाचा दिवस ठरलेला असला की छापखान्यातील जुळारी मजकुरासाठी खोळंबणारच. यमूची कहाणी अशा वेळापत्रकात लिहिली गेली आहे, हे आज वाचताना सांगूनही खरे वाटत नाही.

पण येथे एक गफलत होते. हरिभाऊंना तारले ते अखेरच्या रात्रीच्या धडपडीने नव्हे, तर हप्त्याने. ‘हप्ता’ या शब्दात फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात दडलेले आहे. सात दिवसांचे काम तेवढे त्या सात दिवसांत. सहा महिन्यांची कादंबरी एका रात्रीत उरकण्याची ती रीत नव्हे. शिवाय या पद्धतीची किंमतही त्यांनी मोजली. त्यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळावर समीक्षकांनी बोट ठेवले आहे, आणि माझ्या मते तो आक्षेप रास्त आहे. हप्ता देण्याची तारीख असते. दिलेला मजकूर पुन्हा वाचून कापण्याची तारीख कोणी ठरवत नाही. काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. त्यांतील एकीचे नाव ‘आजच’ असावे, हा योग मला वर्गात सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तेव्हा मुदतीच्या कामांची मला फारशी चिंता नाही. ती रडतखडत का होईना, होतात. तुमचा स्वाध्यायही पोहोचेल. मला काळजी आहे ती ज्यांना तारीखच नाही अशा कामांची. स्वाध्यायातील उत्तर दुसऱ्या दिवशी शांतपणे वाचून सुधारणे, नेमलेली कादंबरी मार्गदर्शकातील सारांशाऐवजी मुळातून वाचणे, गावाकडच्या वडीलधाऱ्यांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेणे: यांसाठी कोणतेही विद्यापीठ दंड आकारत नाही. त्यामुळे दिरंगाईचा खरा घाव तेथेच बसतो आणि तो बसल्याचे कळतही नाही. अशा कामांना आपणच हप्ते बांधून द्यावेत असे मी सुचवीन. परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर दहा पाने. नाही मिळाली तर घरी पाच. उत्तराचा पहिला खर्डा मुदत संपण्याच्या आठ दिवस आधी. खर्डा वाईट असला तरी चालेल, आठ दिवस मात्र हवेत.

हे मी वरच्या आसनावरून सांगत नाही. प्रबंधासाठी मी वसई परिसरातील सामवेदी बोलीचे नमुने कॅसेटवर घेत होतो. एका वाडीतल्या आजी मला विहिरीवरच्या रहाटाच्या एकेका भागाचे नाव सांगत होत्या. रहाट तेव्हाच मोडकळीला आला होता. ही नावे माहीत असणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. घरी येऊन फीत ऐकली तर एका नावाच्या नेमक्या वेळी कोंबडा आरवलेला. पुन्हा जाऊन विचारणे हे जेमतेम अर्ध्या दिवसाचे काम होते. ‘पावसाळा संपला की जाऊ’ म्हटले. नंतर परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या, मग दिवाळी. त्या भेटीला अंतिम तारीख नव्हती. प्रबंधाला होती, त्यामुळे तो विद्यापीठाने दिलेल्या मुदतीत व्यवस्थित सादर झाला. मी वाडीत पोहोचलो तेव्हा आजी जाऊन दोन महिने झाले होते. ओटीवर बसलेल्या त्यांच्या मुलाला रहाट आठवत होता, ते नाव नव्हते.

प्रबंधाच्या परिशिष्टात त्या जागी प्रश्नचिन्ह आहे. परीक्षकांनी त्याबद्दल काही विचारले नाही. कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यात कोंबडा आरवतो, आजी काहीतरी म्हणतात आणि रहाटाच्या पुढच्या भागाकडे वळतात.