कुदळ टाका

सातपूरच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवरचा गडी परवा म्हणाला, "बाबानं गुप्तधनाची जागा दाखवलीय. पूजेला पाचशे दे."

दोस्तांनो, हा रोग जुना हाय. १५४१ साली गोंझालो पिझारो हा स्पॅनिश सरदार दालचिनी अन् ‘एल दोरादो’ या सोन्याच्या राजाचा मुलूख हुडकायला किटोहून निघाला. ओझ्याला सुमारे ४,००० मूळ रहिवासी जुंपले. सोनं गावलं न्हाई. ओझेवाले हजारोंनी मेले. इतिहासात नाव राहिलं पिझारोचं!

खरं धन कुठं असतं, ते नाशिकच्याच दगडावर कोरलंय. ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्या त्रिरश्मी बौद्ध लेण्यांत वाचा. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी उषवदातानं भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण दिले. पुरले न्हाईत. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडं ठेवले. २,००० वर महिना शेकडा एक व्याज, १,००० वर पाऊण. विणकर राबले, व्याजातून भिक्खूंना चिवरं मिळाली.

धन राबणाऱ्या हातांतच होतं. पण त्या हातांची श्रेणी होती. आपली कुठाय?

मी त्याला पाचशे दिले न्हाईत. म्हटलं, कुदळ टाक, आधी युनियनची पावती फाड.