मधल्या वेळात बागबाजार

भाऊ आसामात दुलियाजानला नोकरीला आहे. त्याच्याकडे आईला घेऊन जायचं ठरलं तेव्हा पुण्याहून तिथल्या जवळच्या विमानतळाच्या, म्हणजे दिब्रुगडच्या, तिकिटाचे दोन पर्याय समोर आले. दोन्हींत विमान कोलकात्याला बदलायचं. एकात मधला वेळ दीड तास, दुसऱ्यात सहा तासांहून थोडा जास्त. घरच्या मंडळींनी एकमुखाने दीड तासाला कौल दिला. ‘‘म्हाताऱ्या माणसाला विमानतळावर ताटकळत कशाला ठेवायचं?’’

माझं मत नेमकं उलटं. दीड तासात विमान बदलणं हे तरण्याताठ्या माणसाचं काम. पहिलं विमान पाऊण तास उशिरा सुटलं की संपलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला या टोकाच्या दारातून त्या टोकाच्या दाराकडे पळवत न्यायचं. वयस्कर माणसाला ताटकळण्याचा त्रास कमी होतो, घाईचा जास्त. शिवाय मध्ये कोलकाता होतं. सहा तास तिथे थांबायचं आणि इडली खात पडद्यावरचे विमानांचे आकडे वाचायचे, हे काही मला पटेना.

बाहेर पडायचं म्हटल्यावर नातलगांकडून याद्या येऊ लागल्या. व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा ब्रिज, कालीघाट, दक्षिणेश्वर, जमलं तर बेलूर मठसुद्धा. या याद्या पाठवणाऱ्यांनी नकाशा पाहिलेला नसतो. विमानतळ शहराच्या ईशान्येला, दमदमला. व्हिक्टोरिया आणि कालीघाट दक्षिणेकडे. म्हणजे अख्खं शहर आडवं कापत जायचं, तितकंच परत यायचं आणि पाहायचं काय, तर टॅक्सीच्या काचेतून पुढच्या बसचं ढुंगण. मधल्या वेळात गाव पाहायचं असेल तर विमानतळाच्या बाजूचाच तुकडा धरावा आणि तोही एकच.

कुठला, ते मी आईला विचारलं. ही गोष्ट सांगायचं कारण असं, की याद्या पाठवणाऱ्यांपैकी एकालाही तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. आपण आईवडिलांना प्रवासाला ‘नेतो’ तेव्हा गोळ्यांच्या वेळा, पाय मोडेल का, बाथरूम कुठे, सगळं विचारात घेतो. फक्त त्यांना काय बघायचंय हे राहून जातं. आईचं उत्तर तयार होतं. ‘‘देवळं नकोत. देवळं आपल्याकडे काय कमी आहेत? मला शरदबाबूंचं कोलकाता दाखव. गल्ल्या, जुनी घरं, ओट्यावर बसलेली माणसं.’’ मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरच्चंद्रांवर वाढलेली ही पिढी. तालुक्याच्या वाचनालयातून आणलेली ती पुस्तकं आईने चुलीपुढे बसून वाचली आहेत, आणि बंगालमधल्या विधवा, थोरल्या जावा आणि बिघडलेले देखणे मुलगे तिला नात्यातल्या माणसांइतके ठाऊक आहेत.

म्हणून बागबाजार. उत्तर कोलकात्यातला गंगेकाठचा जुना मोहल्ला, विमानतळापासून फार लांब नाही. दोन्ही विमानांचं तिकीट एकच असल्याने मोठ्या बॅगा परस्पर दिब्रुगडला जाणार होत्या. हातात माझी एक शबनम. तिच्यात आईच्या गोळ्या, पाण्याची बाटली, टोपी आणि पुढच्या विमानाचे बोर्डिंग पास.

एक गंमत सांगते. विमानातून बाहेरच्या दारापर्यंत आई व्हीलचेअरवर आली. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाला काळजी, की मावशींना इथून पुढे कोण नेणार? आणि तीच बाई पुढे बागबाजारात, मध्ये मध्ये टेकत का होईना, चांगली तासभर पायी फिरली. यात ढोंग काही नाही. विमानतळावर पाव किलोमीटर गुळगुळीत फरशी आणि अत्तरांची दुकानं, चालावं तरी कशासाठी? गल्लीत दर दहा पावलांवर थांबायला निमित्त मिळतं. कुठे लोखंडी नक्षीचा सज्जा, कुठे भिंतीतून उगवलेला पिंपळ, कुठे हिरव्या झडपांच्या खिडकीतून डोकावणारी म्हातारी. गुडघ्यांनाही कारण लागतं.

आधी रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी शारदामातांच्या घरी गेलो. तिकडे ‘मायेर बाडी’ म्हणतात. 1909 पासून 1920 साली देह ठेवीपर्यंत त्यांचा मुक्काम बराचसा इथे असे. विवेकानंदांनी 1899 मध्ये सुरू केलेल्या ‘उद्बोधन’ मासिकाला जागा हवी आणि माताजींनाही कोलकात्यात घर हवं, म्हणून स्वामी शारदानंदांनी ही वास्तू उभी केली. माताजींची खोली वरच्या मजल्यावर. आईने जिन्याकडे एकदा पाहिलं, खालूनच हात जोडले आणि मला वर पिटाळलं. ‘‘खाली कचेरी, वर देवघर. बरी आहे की सोय,’’ एवढंच म्हणाली.

बंगाली घरांना रस्त्याच्या बाजूने सिमेंटचा अरुंद ओटा असतो, त्याला ‘रोआक’ म्हणतात. माझ्या नियोजनात बागबाजारचा घाट होता, आईला त्या ओट्यावर बसायचं होतं. बसलो. मातीच्या कुल्हडात दोन घोट चहा आला. चहावाला पोरगा आईला ‘माशिमा’ म्हणू लागला. शेजारी लुंगी आणि बंडीतले एक गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन बसले होते. कुठून आलात, वगैरे झालं. महाराष्ट्र म्हटल्यावर ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, ‘‘म्हणजे बर्गी!’’ आणि मोठ्याने हसले.

आईला कळेना. मी सांगितलं. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा 1742 पासून जवळजवळ दहा वर्षं चौथाईसाठी बंगालवर येत राहिल्या. आपल्याकडे ‘बारगीर’ म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. बंगालने त्याचं ‘बर्गी’ केलं आणि तान्ह्या बाळाला निजवायच्या अंगाईत नेऊन बसवलं. तिकडे आयांनी पिढ्यानपिढ्या पोरांना आमची भीती घातली. सेनापती भास्करराम कोल्हटकरांना अलीवर्दीखानाने 1744 मध्ये वाटाघाटीच्या निमित्ताने बोलावून दगा देऊन मारलं, हे आपण वाचतो. त्याआधी आणि नंतर गावंच्या गावं जळाली, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी आठवत नाही. अटकेपार झेंड्याला धडा आणि बर्गींना जेमतेम एक ओळ. शेवटी 1751 च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई ठरली आणि स्वाऱ्या थांबल्या.

हे सगळं बागबाजारात आठवायला कारण आहे. मराठे येणार या धास्तीने 1742 मध्ये इंग्रजांच्या कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, तो याच टोकापासून. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाला. मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत. पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. मात्र बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली अजून आहे. गृहस्थांनी छत्रीच्या टोकाने दिशा दाखवली.

साधीच गल्ली. दोरीवर वाळत घातलेली कापडं, एक नळ, एक झोपलेलं कुत्रं. आईने पाटीवरचं नाव अक्षर लावून वाचलं. मग म्हणाली, ‘‘आपण यांना एवढं लुटलं, आणि त्या माणसाने चहाचे पैसे देऊ दिले नाहीत गं.’’

नोबीनचंद्र दासांचा रोशोगुल्लाही इथलाच, 1868 चा. तो मूळ बंगालचा की ओडिशाचा यावर दोन राज्यं भांडली आणि शेवटी दोघांनाही आपापल्या नावाचं भौगोलिक मानांकन मिळालं, बंगालला 2017 मध्ये, ओडिशाला 2019 मध्ये. आईला साखर आहे. एक खाल्ला, दुसऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही आणि खाल्ला.

जाताना आम्ही टॅक्सी केली, येताना मेट्रो. हा क्रम मुद्दाम. जाताना वाहतुकीत अडकलं तर फिरणं अर्ध्या तासाने कमी होतं, येताना अडकलं तर विमान जातं. ऑगस्ट 2025 मध्ये विमानतळापर्यंत मेट्रो आल्यापासून हे फार सोपं झालंय. श्यामबाजारला गाडीत बसायचं, नोआपाड्याला बदलायचं, जय हिंद स्थानकाला उतरायचं. विमानतळाच्या दारात पुन्हा व्हीलचेअर मागितली. आई मुकाट्याने बसली. दिब्रुगडच्या विमानात खिडकी मिळूनही तिने ब्रह्मपुत्रा पाहिली नाही, झोपून गेली. त्यामुळे पोचल्यावर भावाने थोडं बोलून घेतलं.

तुम्हाला करायचं असेल तर एवढं पाहा. दोन्ही विमानांचं तिकीट एकच हवं, नाहीतर बॅगा ओढत फिरावं लागेल. हातात सहा तास असले तर त्यातले साडेतीन जाण्यायेण्यासकट बाहेरचे धरा, बाकीचे विमानतळावरचे आणि तपासणीच्या रांगेचे. पुढचं विमान सुटण्याआधी दीड तास तरी दारात पोचा. बाहेर पडण्याआधी विमानतळावरच स्वच्छतागृहात जाऊन या, गोळ्या जवळ ठेवा आणि ठिकाण एकच ठरवा. आणि मधला वेळ चार तासांपेक्षा कमी असेल, तर इडलीच खा.