धुऊन गेलेल्याचे पुढे काय

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी जे उटणे कालवले जाते, त्यातील मसुराच्या पिठाचा एखादा कण चिमटीत धरून पाहावा, म्हणजे तो खरखरीत, ओबडधोबड आणि पाणी लागताच मऊ पडू लागणारा असा दिसेल. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद यांच्या चूर्णासह तो मोरीतून परसातल्या अळूपर्यंत जाई, आणि मातीतील जंतू त्याचा यथावकाश निकाल लावीत. गेल्या काही दशकांत अंग घासण्याच्या याच कामावर पॉलिएथिलीन या प्लास्टिकच्या कणांची नेमणूक झाली. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली इंग्लंडच्या बाजारातील स्क्रब तपासले, तेव्हा एका वेळच्या वापरात 4,594 पासून 94,500 पर्यंत कण सांडपाण्यात जाऊ शकतात, असा हिशेब निघाला. मैलाशुद्धीकरण केंद्रात यांतील बहुतेक कण गाळात अडकतात हे खरे. परंतु तोच गाळ खत म्हणून शेतात पसरला, की समुद्राच्या वाट्याचे शेताच्या वाट्याला येते.

या कणांविरुद्ध कायदे झाले. अमेरिकेत डिसेंबर 2015 मध्ये अध्यक्ष ओबामांनी विधेयकावर सही केली, ब्रिटनने 2018 साली बंदी अमलात आणली, आणि आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही 2017 मध्ये विघटन न पावणारे असे सूक्ष्मकण प्रसाधनांसाठी असुरक्षित ठरवले. ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेला युरोपीय संघाचा नियम सर्वांत व्यापक आहे. मात्र घासण्याचे कण वगळता धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांना त्याने 2027 पर्यंत, अंगावर राहणाऱ्यांना 2029 पर्यंत आणि ओष्ठरंग, नखरंग व चेहऱ्याच्या रंगरंगोटीला थेट 2035 पर्यंत मुदत दिली आहे. ओठांच्या रंगासाठी बारा वर्षांची मोहलत आम्हाला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही.

परंतु आमची खरी हरकत याहून मूलगामी आहे. नजरेला दिसणारा, बोटाला लागणारा कण कायद्याने पकडला. पाण्यात विरघळणारे पॉलिमर मात्र त्याच युरोपीय नियमाच्या व्याख्येबाहेर ठेवले गेले. केस जागच्या जागी बसवणाऱ्या जेलमधील पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन घ्या. ते विरघळते, म्हणून दिसत नाही. आणि दिसत नाही, म्हणून नाहीसे झाले असा समज होतो. वास्तविक त्याच्या रेणूचा कार्बनच्या अणूंनी गुंफलेला कणा फोडणे जंतूंना सहजी साधत नाही. शाम्पूतील पॉलिक्वाटर्नियमची कथा याहून बोलकी आहे. केसांवर ऋण विद्युतभार असतो आणि या द्रव्यावर धन, म्हणून ते केसांना घट्ट बिलगते व केस मऊ भासतात. परंतु माशाच्या कल्ल्यांचा पृष्ठभागही ऋणभारितच असतो, आणि ज्या गुणासाठी हे द्रव्य शाम्पूत घातले, त्याच गुणाने अशी धनभारित द्रव्ये कल्ल्यांना चिकटून माशाचा श्वास अडवू शकतात. नदीच्या पाण्यातील कुजलेल्या वनस्पतींचे अंश त्यांची तीव्रता पुष्कळशी कमी करतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि नदीच्या या उपकारावर भरवसा ठेवून कारखाना चालवावा, ही तजवीज आम्हाला मान्य नाही.

टायरांची झीज आणि कृत्रिम कापडाचे तंतू यांच्या तुलनेत प्रसाधनांचा वाटा अल्प आहे, असे उत्पादक सांगतात, आणि ते खोटे नाही. पण टायर झिजावा असे कोणी योजलेले नसते. शाम्पू आणि स्क्रब तर धुऊन जाण्यासाठीच बनवलेले असतात. शिवाय येथे पर्याय हाताशी आहेत: घासण्यासाठी अक्रोडाच्या कवचाची पूड, दाटपणासाठी आपल्या राजस्थानातल्या गवारीचा डिंक. त्यांनी खर्च थोडा वाढेल, पोत थोडा बदलेल. तेवढे सोसण्यास ग्राहक तयार होईल, असा आमचा विश्वास आहे.

म्हणून आमची मागणी अशी, की मानक ब्यूरोने कण आणि विरघळणारे द्रव्य हा भेद बाजूला ठेवून, धुऊन टाकण्याच्या प्रत्येक प्रसाधनातील प्रत्येक कृत्रिम पॉलिमरचे पाण्यात व मातीत किती काळात विघटन होते, याचा दाखला उत्पादकाकडून आधी दाखल करून घ्यावा, आणि तो काळ वेष्टनावर ठळक मराठीत व अन्य भारतीय भाषांत छापण्याची सक्ती करावी.